फक्त जपानात विक्रीसाठी

खोक्याच्या एका बाजूला जपानी अक्षरांखाली बारीक इंग्रजीत एक ओळ छापली होती. ही वस्तू फक्त जपानात विक्रीसाठी आहे, असा तिचा अर्थ. माझ्या वडिलांनी ती वस्तू योकोहामाच्या बंदराजवळच्या एका दुकानातून घेतली, कपड्यांच्या बॅगेत तळाशी घालून मुलुंडला आणली आणि घरातल्या लोखंडी कपाटावर ठेवली. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. मी चौथीत होते.

वडील बोटीवर ऑइलमन होते. इंजिनरूममध्ये यंत्रांना तेलपाणी करायचं, ती गरम होतात का ते बघायचं, हे त्यांचं काम. आम्ही मूळचे मालवणच्या बाजूचे. आमच्यात बोटीवर जाणं काही विशेष नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कोणी फारसं बोलतही नसे. नऊ-दहा महिने बाहेर आणि दोनेक महिने घरी, असा वडिलांचा हिशेब होता. शेजारची मुलं आपापल्या वडिलांना 'अरे बाबा' म्हणत. मी 'अहो बाबा' म्हणायचे, आणि रजेचे पहिले दोन दिवस तेही जरा अडखळतच.

खोक्यात एका अंतराळयानाचे सुटे प्लास्टिकचे भाग होते. ते घरी बसून जोडायचे. यान जपानी टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेतलं होतं. ती मालिका आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. आमच्याकडे टीव्हीच नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्याही टीव्हीवर ती दिसणार नव्हती. खोक्यावरच्या चित्रात मात्र अख्खं यान होतं: पुढे निमुळतं पांढरं तोंड, मागे दोन जाडजूड नळकांडी आणि त्यांतून निघणारी निळी आग. आमच्या खोक्यात त्यातला पुढचा अर्धा भाग होता. मागचा अर्धा भाग वेगळ्या खोक्यात मिळे. दुकानात तो संपला होता आणि बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती.

"पुढच्या खेपेला मागचा आणतो," वडील मला म्हणाले. "तोवर हा उघडायचा नाही. आताच जोडला आणि नंतर दुसऱ्याशी जुळला नाही, तर सगळंच फुकट."

हे मला पटलं. आईला पटलं की नाही, कळलं नाही. तिने खोकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वरून दोरी बांधली आणि दर शुक्रवारी कपाट पुसताना तेही पुसू लागली. समोरच्या काकू एकदा ते बघून म्हणाल्या, "काय गं, तुझे बाबा संसार अर्धा टाकून जातात, आणि विमानही अर्धंच आणतात?"

आई हसली. "विमान नाही हो, यान आहे," मी म्हटलं.

"तेच ते. उडतं ना? मग झालं."

पुढच्या खेपेला वडिलांना युरोपकडे जाणारी बोट मिळाली. परत आले तेव्हा त्यांच्या बॅगेत साबण होते, आईसाठी छत्री होती, माझ्यासाठी रंगीत पेन्सिली होत्या. मागचा भाग नव्हता. त्यांनी शोधला नव्हता असं नाही. सिंगापुरात विचारलं, रॉटरडॅममध्ये विचारलं. रॉटरडॅमच्या दुकानदाराने त्यांच्यासमोर एक खोकं ठेवलं. यान तेच, पण नाव वेगळं, रंग वेगळा आणि मापाने लहान.

"ते का नाही आणलं?" मी विचारलं.

"आपल्या अर्ध्याला ते बसणार नाही. मी खोक्यावरचे आकडे लिहून नेले होते, बघितलं ना ताडून. तो म्हणाला, जपानचा माल इकडे विकायची परवानगी नाही. मालिकावाल्यांनी इकडचे हक्क दुसऱ्याच कंपनीला दिलेत. ती स्वतःचे साचे करते."

"मग जपानमधूनच मागवायचं."

"तेही विचारलं. दुकानं बाहेर पाठवत नाहीत. जाऊनच आणावं लागतं."

पुढे वर्तमानपत्रात काम करू लागल्यावर मला या व्यवहाराची नीट माहिती झाली. मालिकेचे हक्क एकाचे असतात. खेळणी काढण्याचा परवाना तो देशागणिक वेगवेगळ्या कंपन्यांना विकतो, आणि प्रत्येकीने आपल्या कुंपणात राहायचं असतं. त्यातून आपल्याकडे तेव्हा परदेशी खेळणी आयात करून दुकानात मांडणं जवळपास अशक्य होतं. यायचं ते कोणाच्या तरी सामानातून. यात कोणाची लबाडी नव्हती. फक्त आमच्या कपाटावरच्या अर्ध्या यानाचा उरलेला अर्धा भाग एकाच देशात मिळणार होता, आणि तिथे आमच्या घरातून एकच माणूस जाऊ शकत होता, तोही बोट जाईल तेव्हा.

युरोपच्या त्याच खेपेत, वडील समुद्रावर असताना, मला कावीळ झाली होती. वडिलांना ती कळली तेव्हा मी पुन्हा शाळेत जायला लागले होते. रजेवर आल्यावर त्यांनी माझे डोळे दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिले. डोळे पांढरे होते. ते आईला म्हणाले, "आता बरी दिसते."

"आता बरीच आहे," आई म्हणाली.

एवढंच. पण त्या रजेत ती वेगळी वागत होती. समोरचे काका मुलुंडच्याच एका कारखान्यात होते. तिथे कॉम्प्रेसरवर माणूस हवा होता. हे त्यांनी वडिलांना सांगायच्या आधी आईला सांगितलं होतं, आणि तिने त्यांना चहाला बोलावलं होतं.

"समुद्र सोडा आता," काका म्हणाले. "मशीन तुमच्या ओळखीचंच आहे. फक्त पायाखालची जमीन हलत नाही."

"पगारही हलत नाही म्हणतात तुमच्याकडे," वडील म्हणाले.

काका मोठ्याने हसले. "ते खरं. पण घरचं जेवण रोज. वहिनी, सांगा ना तुम्ही."

आईने सांगितलं नाही. तिने कधीच 'जाऊ नका' म्हटलेलं नव्हतं. ते म्हणणं म्हणजे बोटीला अपशकुन, असं तिच्या माहेरी मानत. तिचे वडील, भाऊ, सगळे बोटीवरचे. जाणाऱ्याला निरोप देताना बायका जेवणाबद्दल बोलत, कपड्यांबद्दल बोलत, पण जाण्याबद्दल बोलत नसत. वडिलांनी काकांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एका शनिवारी ते फोर्टातल्या एजंटच्या ऑफिसातून आले ते खुशीत. चपला काढता काढताच म्हणाले, "जपानची बोट आहे. सोमवारी मेडिकल." मग माझ्याकडे बघून, "काय, आणू ना मागचा भाग?"

मला यान हवं होतं. वडीलही हवे होते. दोन्ही एकदम मिळणार नाही, हे कळण्याइतकी मी मोठी झाले होते. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "हातपाय धुवून घ्या, चहा निवतोय."

रविवारी जेवणं झाल्यावर तिने स्टूल लावलं आणि कपाटावरचं खोकं खाली काढलं. दोरी सोडली. पिशवी घडी करून बाजूला ठेवली. वडील खाटेवर पेपर वाचत होते.

"काय करतेस?"

"बघत्येय."

तिने शिलाई मशीनच्या खणातून कात्री घेतली आणि खोक्यावरचा पातळ पारदर्शक कागद एका कडेने कापत नेला. वडील उठून बसले.

"अगं, दुसरा यायचाय अजून."

"आला तर येऊ दे. हा आलाय ना? किती दिवस कपाटावर बसवून ठेवायचा?"

"मागच्याशिवाय तो पुरा होणार नाही."

"नको होऊ दे. आहे तेवढा जोडा." तिने आतला कागद उलगडला, उलटा धरला, मग सुलटा केला. "हे काय लिहिलंय?"

"जपानी आहे. आकडे बघत जायचं."

"इतक्या वेळा गेलात, वाचता येत नाही?"

"दोनच शब्द येतात. 'किती' आणि 'महाग'."

"मग ठीक. बाजारापुरते झाले."

वडील तिच्याकडे बघत राहिले. तिने जे म्हटलं नव्हतं ते त्यांना त्या वेळी ऐकू आलं असावं, कारण त्यांनी पेपर घडी घालून उशाखाली ठेवला आणि जमिनीवर येऊन बसले.

भाग प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले होते. प्रत्येकाशेजारी आकडा. आई नेलकटरने ते सोडवून देई, मी कागदावरचा आकडा वाचत असे, वडील जोडत. त्यांची बोटं जाड, तेलाने नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या, पण ती त्या काडीएवढ्या तुकड्यांना अगदी हलकी लागत. गोंदाची ट्यूब सुकली असेल अशी मला भीती होती. सुकली नव्हती. आईकडून एक बारीक दांडी मोडली.

"मोडली मेली."

"मोडू दे. चिकटवू."

"दुसरी मिळायची नाही म्हणालात ना?"

"नाही मिळायची. म्हणून तर चिकटवायची."

शेवटी यानाची दोन शकलं उरली, डावं आणि उजवं. ती जुळवून धरायची होती. जुळल्यावर पुढचं तोंड चित्रातल्यासारखंच झालं. मागे, जिथे नळकांडी यायची, तिथे मोठं भोक होतं आणि त्यातून आतली पोकळी, छापलेले आकडे, गोंदाचे ओघळ, सगळं दिसत होतं. मी त्यात हात घालून पाहिला. कोपराच्या अलीकडेपर्यंत गेला.

"किती वेळ धरायचं?" आईने विचारलं.

"सुकेपर्यंत. सोडलं तर उलतं."

"रबर लावलं तर?"

"रबराने वाकेल."

"मग धरा."

ती चहा ठेवायला उठली. ती स्टोव्हला पंप मारत असताना वडिलांनी बसल्या जागेवरून विचारलं, "समोरच्यांची पाळी किती वाजता असते?"

पंपाचा आवाज थांबला. "सकाळची. सातला आत असावं लागतं म्हणतात."

"डबा न्यावा लागेल."

"देईन. सगळेच देतात."

सोमवारी वडील फोर्टात गेले नाहीत. त्याच आठवड्यात ते काकांबरोबर कारखान्यात जाऊन आले, आणि मग रोज जाऊ लागले. पण त्या रविवारी संध्याकाळी यातलं काहीच कोणी बोललं नव्हतं. आई चहा घेऊन आली. वडिलांचे दोन्ही हात यानाभोवती अडकलेले होते. तिने कप खाली ठेवला, थोडा विचार केला, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या तोंडाशी धरली. माझ्यासमोर तिने असं कधी केलं नव्हतं. वडील प्यायले. हात त्यांनी हलू दिले नाहीत.