एका वर्गातली तीन राज्यं

माझे वडील अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहत, आई तिथंच कापूस निवडायची. मी शिकलो तो दुसऱ्यांच्या पुस्तकांवर. इतिहासाचं शेवटचं पान कोणीतरी फाडलेलं, म्हणून पानिपतचा निकाल मला पुढच्या इयत्तेत कळला. तरी बी.ए. झालो.

अमरावतीजवळच्या एका मिडल स्कूलमध्ये तात्पुरता मास्तर लागलो. तेव्हा महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं. पाचेक वर्षांत आमचं राज्य दोनदा बदललं होतं आणि भूगोलाचं पुस्तकही. पोरं थोरल्या भावंडांची पुस्तकं आणत. नवं आणा म्हणायला माझी जीभ उचलेना. मग मी पुस्तकांप्रमाणे वर्गाच्या तीन रांगा केल्या: पहिली मध्य प्रदेशाची, मधली मुंबई राज्याची, तिसरी महाराष्ट्राची. "बारावा धडा काढा" म्हटलं की पहिल्या रांगेत तांदूळ पिकायचा, मधल्या रांगेत मीठ, तिसरीत हापूस. जबलपूर पहिल्या रांगेचं, राजकोट मधल्या रांगेचं. तिसरीला दोन्ही परकी. अमरावती तेवढी जागची हलली नव्हती.

अशात शाळा तपासायला दिपोटीसाहेब येणार असं कळलं. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती.

हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, जुने पुस्तकं लपवा."

"लपवतो. पण पोरायची डोकी कुठी लपवू?"

साहेबांनी पहिल्याच रांगेतल्या एका पोरीला उभं केलं. "आपल्या राज्याची राजधानी?"

"कोन्त्या रांगेची सांगू, साहेब?"

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेब माझ्याकडं वळले, "हा काय प्रकार आहे?" मी होतं तसं सांगून टाकलं. ते पोरीला म्हणाले, "तिन्ही सांग." तिनं तिन्ही सांगितल्या, शेवटच्या दोन रांगांची एकच, वर अमरावती प्रत्येक रांगेच्या नकाशात कोणत्या कोपऱ्यात ते फळ्यावर काढून दाखवलं.

साहेबांनी शेरेबुक मागवलं, शेरा लिहिला, शिक्का मारला. पोरगी वाकून बघत होती.

"साहेब, तुमी तं आमच्याच रांगेतले!"

शिक्क्यावर मध्य प्रदेश होतं. साहेबांनी ते खोडून मुंबई लिहिलं, तेही खोडून महाराष्ट्र लिहिलं आणि न हसता निघून गेले.

शेरा होता, "शिक्षकास कायम करावे." दोन महिन्यांनी हुकूम आला. आमच्या घरातला महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा पहिला माणूस मी झालो.