माळ्यावरची पेटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते माझं मलाच ठाऊक नाही.

माझी धाकटी जाऊ सुमन कुडाळकडची. तिचे वडील दशावतारात पेटी वाजवायचे. ते वारले आणि लग्नानंतर त्यांची पेटी तिच्याबरोबर आमच्या तारकर्लीच्या घरी आली. घरात तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता. तिन्हीसांजेला सुमन पेटीवर गायला बसली की सगळं घर ओटीवर गोळा व्हायचं. माझा नवरासुद्धा — माझ्याशी दोन शब्द बोलणं ज्याच्या जिवावर यायचं, तो डोळे मिटून मान डोलवायचा. मी आत मासे साफ करत असायचे. जळायचे मी. दुसरा शब्द नाही त्याला.

आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, उशासुद्धा ओलसर लागतात. अशा हवेत लाकडाची पेटी टिकवायची तर घरात एकच जागा — चुलीवरचा माळा. सुमन ती जुन्या धोतरात गुंडाळून तिथे ठेवायची.

एका ज्येष्ठात ती बाळंतपणाला माहेरी गेली. निघताना माझे हात धरून म्हणाली, "वयनी, पेटी सांभाळा हां. बाबांची माझ्याकडे तेवढीच वस्तू आसा."

"जा गो तू, मी आसंय मां," मी म्हटलं.

आणि मी काय केलं? सुक्या मासळीला जागा हवी, असं स्वतःलाच सांगत पेटी खाली उतरवली. न्हाणीलगतच्या सरपणाच्या खोलीत, पाझरणाऱ्या भिंतीशी नेऊन ठेवली. माळ्यावर मासळीला जागा नव्हती? होती — भरपूर होती. सासूबाईंना शिडी चढवत नव्हती, पुरुष स्वयंपाकघरात डोकावत नसत. विचारणार कोण? श्रावणात एकदा धोतरावर हिरवट बुरशी दिसली. हात पुढे गेला माझा — खरंच गेला — आणि मी सरपण उचलून परत आले.

चतुर्थीच्या तोंडावर सुमन लेकीला घेऊन यायची होती. तेव्हा मात्र घाबरले. पेटी पुसली, नवं धोतर गुंडाळलं, माळ्यावर चढवली.

तिने उघडली. पट्ट्या फुगून एकमेकींत रुतल्या होत्या. एक दाबली की शेजारच्याही खाली जायच्या आणि वर येईनात. भात्याचे सांधे सुटले होते. ती आता माझ्यावर ओरडेल, म्हणून मी दाराशी उभी. ओरडली असती तर! पण ती म्हणाली, "तुमी तरी काय करतल्यात, वयनी? बाबा सांगी होते, पेटी दर्याकडे न्हेव नको. मीच आयकूक नाय."

मालवणच्या सुताराने पट्ट्या तासून पाहिल्या, पण आतल्या सुरांच्या पितळी जिभाच हिरव्या पडून गेल्या होत्या. त्यानंतर सुमन कधी गायलीही नाही. मी तिला डिंकाचे लाडू करून घातले, तिची लेक खांद्यावर खेळवली. काय उपयोग?

ती लेक आता सातवीत आहे. परवा शाळेत पेटी पाहून आली आणि आईच्या मागे लागली, "आये, माका शिकव मगो."

"नको गो, बाय," सुमन म्हणाली. "माझ्या बापाशीची पेटी माझ्याच हातान गेली. माका परत हात लावूक धीर होना नाय."

पोरगी रडायला लागली. मी तिथेच चुलीशी भाकरी थापत होते. तेव्हा तरी तोंड उघडावं ना?

मी भाकरी तव्यावर टाकली, आणि पुढची थापायला घेतली.