विमलाबाईंचा चांदीचा दगड

ठाकुर्लीच्या सुमेधा गायकवाड आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना दगडांचा नाद लागला. जवळपास कुठे टॉवरच्या पायाचं खोदकाम निघालं की पिशवी घेऊन जायचं आणि काळ्या पाषाणाच्या पोटातले पांढरे स्फटिक निवडून आणायचे. बिल्डिंगमधले लोक आधी हसले. मग तेच गावाहून, सहलीहून खडे आणून "बाई, हा कसला?" म्हणून विचारायला लागले. एकटीच्या घरात त्यामुळे माणसांची ये-जा राहिली.

खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई एका दुपारी आल्या, त्या पदराखाली काहीतरी झाकून. दार लावून घ्यायला सांगितलं, मगच हात बाहेर काढला. पेरूएवढा करडा दगड, आरशाचे तुकडे बसवल्यासारखा चमकणारा. त्यांचे यजमान विठ्ठलराव कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. वॅगनमधून सांडलेला हा दगड त्यांनी घरी आणला आणि ही चांदी आहे असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. विमलाबाईंना आता खात्री करून हवी होती. नातीला, शिवानीला, त्यातून वाळे करायचे होते.

दगड हातात घेताच सुमेधाबाईंचं मनगट खाली गेलं. एवढ्याशा आकाराला हे वजन फार होतं. त्या नेहमीसारख्या कामाला लागल्या. लोहचुंबक चिकटेना. तांब्याच्या पट्टीने सहज चरा उमटला. फरशीच्या खरखरीत पाठीवर घासला, तर शिसपेन्सिलीसारखी काळपट रेघ आली. कडेची कपची उडवली, ती चौकोनी ठोकळा होऊन पडली. तो ठोकळा फोडला, तर पुन्हा ठोकळेच. शेवटी दोऱ्याला बांधून पाण्यात तोलला. पाण्याच्या सातपटीहून जड. आता शंका उरली नाही.

"विमलाबाई, ही चांदी नाही. शिशाचं खनिज आहे, गॅलेना म्हणतात. आधी साबणाने हात धुवा."

विमलाबाईंचा चेहरा उतरला, पण हात धुवायला उठल्या. तेवढ्यात सुमेधाबाईंचं लक्ष दगडाच्या एका बाजूकडे गेलं. ती बाजू झिजून सपाट, गुळगुळीत झाली होती. वॅगनमधून पडलेला दगड असा झिजत नाही.

"हा कुणी घासलाय?"

"मीच की. सहाणेवर तुपात उगाळते आणि काजळात घालते. चांदी डोळ्यांना थंड ना. शिवानीला जन्मापासनं रोज घालते."

सुमेधाबाईंनी दगड बाजूला ठेवला. शिवानी दुसरं वर्ष लागलेलं पोर. अलीकडे फिकट पडली होती, पोट धरून रडायची. 'बाबा', 'चिऊ' म्हणायला लागलेली मुलगी पुन्हा गप्प झाली म्हणून तिची आई रसिका डॉक्टर बदलत होती. कुणी जंत म्हणालं, कुणी दात. डोळे चोळून तीच बोटं चोखणारी शिवानी सुमेधाबाईंनी जिन्यात कितीदा पाहिली होती. डोळे किती काळेभोर, असं कौतुकही केलं होतं.

त्यांनी आवाज शक्य तितका शांत ठेवला. शिसं अंगात मुरतं, म्हणाल्या. पोरीच्या दुखण्याचं मूळ तेच असू शकेल. आजच्या आज रक्त तपासायला हवं.  विमलाबाईंनी एवढंच विचारलं, "सुनेला तुम्ही सांगाल?"

सुमेधाबाईंनी सांगितलं.  रसिका ओल्या फडक्याने मुलीचे डोळे पुसत राहिली, काजळ निघून गेल्यावरही. तिचा नवरा विनीत घोडबंदर रोडच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये अडकत घरी पोचला, तोवर ती मुलीला घेऊन लॅबमध्ये गेली होती. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी शिवानीला त्याच दिवशी ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायला सांगितलं.

दुसऱ्या सकाळी विमलाबाई पुन्हा वर आल्या. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या.

"काजळ मी इतरांनाही दिलंय. बाळंतिणींना. बारशाला डबी भरून द्यायचे."

दोघी घरोघर फिरल्या. कुणी डबी हातात ठेवून मुलाला पोटाशी धरलं. कुणी दार लावून घेतलं, पण पोराची तपासणी करवली. दोन मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, थोडंच. एक डबी मात्र मिळाली नाही. मागच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या जोडप्याला मुलगा झाला होता; ते खोली सोडून गेले होते. मालकाकडचा फोन नंबर लागेना. कल्याणच्या बाजूला गेले, एवढंच शेजारी सांगत होते.

शिवानी घरी आली. शिसं उतरतंय, पण बोलणं कितपत भरून येईल ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रसिका तिला सासूकडे एकटी सोडत नाही आणि विमलाबाईही तिला उचलून घेत नाहीत.

लसीकरणाच्या दिवशी त्या कल्याणच्या दवाखान्याबाहेर जाऊन बसतात. बायका मुलं घेऊन येतात, तेव्हा उठून प्रत्येकाच्या डोळ्यांत वाकून बघतात. आया मुलाला पदराआड घेतात. सुमेधाबाई कधी सोबत गेल्या तर समजावून सांगतात. चाळीतल्या त्या बाळंतिणीचं नाव विचारलं की विमलाबाईंना ते आठवत नाही. ती बाई सावळी होती, हसरी होती आणि काजळ संपलं की अजून न्यायला येईन म्हणाली होती, एवढंच त्या सांगतात.