पप्पांनी बोललेले रविवार

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. सुगीनंतर चर्चमध्ये आभाराची उपासना होते. शेतीवाले ज्वारी, घेवडा, एखादी कोंबडी आणतात आणि नंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. ज्यांना शेती नाही त्यांनी उभं राहून एखादी सेवा बोलायची. पप्पा गवंड्याच्या हाताखाली काम करतात. इतकी वर्षं ते दुकानातला नारळ वेदीपुढे ठेवून गुपचूप मागे जाऊन बसायचे.

गेल्या सुगीला पाळकसाहेबांनी आळसावर उपदेश केला. देवानं दिलेले हात रिकामे ठेवू नका, असं त्यांचं सांगणं होतं. उपदेश संपला आणि पप्पा उभे राहिले.

"माजी पोरगी कालिजात शिकती. ती वर्सभर संडे स्कूल घील."

टाळ्या पडल्या. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी सांगलीला वसतिगृहात राहून शिकत होते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. स्पर्धा परीक्षेच्या मोफत वर्गात मला नुकतीच जागा मिळाली होती. तो वर्ग रविवारीच असे. गैरहजर राहिलं की जागा दुसऱ्याला जायची.

घरी आल्यावर मी म्हणाले, "आवं पप्पा, रविवारी माझा वर्ग असतो. सांगितलं होतं की मी."

"बसूनच असतीस न्हवं तितं? मग हितं पोरांम्होरं बस."

मम्मी भाकरी थापता थापता हसली. "सायेब हुनार हाय ती. आपल्या पोरांत कशी बसंल?"

"वेदीम्होरं बोललेलं माघारी घेत्यात व्हय?" पप्पा म्हणाले. मी ताटं मांडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेले. तेच मला सोडवतील असं वाटत होतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बाळ, तुझे वडील पहिल्यांदाच उभे राहिले बघ. किती आनंद झाला मला!" खिडकीतून पप्पा दिसत होते. चर्चच्या सतरंज्या झटकताना ते कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "व्हय, माजीच पोरगी."

मी म्हणाले, "येईन मी."

त्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं गावी आले. पहिलाच धडा बायबलातल्या, मालकानं वाढवायला दिलेलं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा होता. तो आळशी ठरला, हे मुलांना मीच समजावून सांगितलं. बोलताना मांडीवरचा मोबाईल थरथरला. माझी जागा दुसऱ्या मुलीला दिल्याचा वर्गाचा निरोप होता.

सेवा मनापासून करावी, हे मी मानते. पण त्या सकाळी मी तिथे मनापासून होते की नुसती अडकले होते, हे मला सांगता येणार नाही. पप्पा दारात उभे राहून ऐकत होते. मी मोबाईल उपडा ठेवला आणि मुलांना प्रार्थनेसाठी उभं केलं.