कपारीतली माणसं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वेडंवाकडं येतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमची मेंढरं एका गावी टिकत नसत, म्हणून चौथीनंतर शाळा सुटली. घरात कुणाच्या हाती हे पान लागलं तर सांभाळून घ्यावं. चार माणसांत मला बोलता येत नाही. लिहिताना तेवढी भीती वाटत नाही.

मला नातू झाल्यापासून माझ्याकडंच राहणारी आई मागं लागली होती, "त्याला माणूस दे."

सोयगावच्या बाजूला, आमच्या माहेरच्या डोंगरात एक कपार (पुढं झुकलेल्या कड्याखालची जागा) आहे. तिच्या भिंतीवर गेरूनं आणि पांढऱ्या रंगानं काढलेली फार जुनी चित्रं आहेत. हात धरून उभी असलेली माणसं, मोठ्या शिंगांचा बैल, हरणं. भिल्ल लोक सांगतात की ती त्यांच्या पूर्वजांनी काढली, आणि तेच खरं असावं. आम्ही मेंढरं घेऊन तिथं नंतर आलो. पण आमच्या घरात मूल झालं की त्याला तिथं नेतात आणि एका चित्राखाली त्याचा तळहात टेकवतात. ते त्याचं माणूस, जन्मभराचं राखणदार. माझं माणूस रांगेच्या टोकाला होतं, एक पाय आखूड असलेलं. धाकटी बहीण कौशी, तिचं डोक्यावर घागर घेतलेलं.

सून तान्ह्याला एवढ्या लांब पाठवायला तयार नव्हती. आईचे गुडघे गेलेत. आई म्हणाली, "झबलं घेऊन जा. तेबी चालतं."

आम्ही राहतो त्या शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावर जळगावची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं गाडी बायकांनीच भरली होती. शेजारी सिल्लोडला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला मूठभर फुटाणे दिले आणि विचारलं, "माहेरी का?"

"व्हय."

"मग पिशवी एवढीशीच? माहेरी जाताय का दवाखान्यात?"

मी फुटाणे खात बसले. सिल्लोडच्या पुढं दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. अजिंठ्याच्या घाटात गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि खाली सगळं धुरकट.

फर्दापूरला गाडी बदलायला उतरले. लेणी बघायला आलेल्यांच्या मोटारी एकामागं एक उभ्या होत्या. चमकणारे खडे विकणारा एक माणूस माझ्याजवळ आला. "मावशी, घ्या एक. लेणी बघितल्याची आठवण."

"मी लेणी नाय बघितली."

"मग आल्या कशाला एवढ्या लांब?" तो हसला, आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर गप्पा मारायला लागला. आतल्या चित्रांवर फोटोचा उजेडसुद्धा पाडू देत नाहीत, लगेच पहारेकरी ओरडतो, असं त्यानं सांगितलं. मला ते बरं वाटलं.

पुढं जीप होती. आमच्या गावचा फाटा (जिथं मुख्य रस्त्यावरून गावची वाट फुटते ती जागा) आला तेव्हा माझ्या तोंडून हाक निघेना. गाडी बरीच पुढं गेल्यावर मी पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावला आणि तिनं गाडी थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तोंडात गूळ धरला होता काय? ओरडायचं ना!" सगळे हसले. उन्हातून तेवढं मागं चालत आले.

कौशीनं कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), भरीत आणि ठेचा केला होता. कौशीचा नवरा वारला तेव्हापासून ती आणि तिची लेक रेणू, एवढंच घर. रेणू बाळंतपणाला आली होती, सातवा महिना. पोरीच्या तोंडावर तेज होतं.

उन्हाळ्यात कौशीचा फोन आला होता, "आक्का, कपारीचं काम काढलंय. हात लाव." मी गोधड्या शिवून साठवलेले पैसे तिला पाठवले होते. वर चढायला पायऱ्या होतील, असं मला वाटलं. जेवताना ती म्हणाली, "उद्या दाखवते. वळखायची नाहीस तू."

सकाळी तिच्या भजनातल्या पारूबाई सोबत आल्या. वाट पहिल्यासारखीच होती, निसरड्या मुरमाची. पायरी एकही नव्हती.

कपारीत नव्या फरशीवर शेंदूर लावलेला एक दगड होता, वर झेंडा. मागची भिंत खालून हात पोचेल तिथवर आकाशी रंगानं रंगवलेली. त्याच्या वरचा पट्टा घासून खरबरीत आणि पांढरट झाला होता.

"बघ, किती साफ केलं," कौशी म्हणाली.

"माणसं कुठंयत?"

"घासली. आधी तारेचा ब्रश, मग ॲसिड, मग रंग. सगळं बायांनी केलं. एका गड्याचा हात नाय लागला."

पारूबाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं तर हाताची सालटी काढून घेतली. पोरीसाठी."

ती गोष्ट मला ठाऊक होती. रेणूला दिवस जायचे आणि टिकायचे नाहीत. सासरचे तिला कायमची माहेरी धाडायला निघाले होते. ठाऊक नव्हतं ते आता कळलं, गावात येणाऱ्या एका बाबांनी कौशीला सांगितलं होतं की भिंतीवर भुतं अडकलीत, तीच लेकरू ओढून नेतात. ती पुसा आणि तिथं देव बसवा.

"घासलं आणि पोरीला दिवस ऱ्हायले," कौशी म्हणाली. "आता सातवा लागलाय. बोल, काय बोलतीस?"

आदल्या रात्री रेणूनं मला हळूच सांगितलं होतं की ती सिल्लोडच्या डॉक्टरीणबाईंकडं सुया घेते. पण ते तिनं आईला सांगितलं नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम नव्हतं.

मी वर बघितलं. उजव्या अंगाला, शिडी पोचणार नाही एवढ्या उंच, एक कोपरा राहिला होता. एक हरीण आणि त्याच्यामागं हात वर केलेलं एक माणूस. लहानपणी ते बघितल्याचं आठवतं. तिथवर कुणाचं लेकरू कसं उचलणार, म्हणून ते कधी कुणाला दिलं नव्हतं.

पारूबाई माझी नजर बघून म्हणाल्या, "तेवढंच ऱ्हायलंय. बांबूंची परांची बांधून वर चढायला तुमच्या पैशांतले थोडे ठेवलेत. पोरगी बाळंत व्हायच्या आत करून टाकू."

"कौशे, माझे पैसे परत दे," मी म्हणाले. आवाज कपारीत मोठा झाला. मलाच दचकायला झालं.

"काय म्हणलीस?"

"सगळे परत दे. माझ्या पैशानं तो कोपरा घासायचा नाय."

"अगं बाई, देवाला दिलेलं कुणी मागं घेतं काय?" पारूबाई म्हणाल्या.

"मी देवाला नव्हते दिले. वाटेला दिले होते."

कौशीचं तोंड लाल झालं. "देते," ती म्हणाली. "पै न् पै देते. तुझे फिटेस्तोवर त्या कोपऱ्याला हात लावणार नाय, मायची आण. पण फिटले की तू आडवं यायचं नाय. हाये कबूल?"

मी मान हलवली.

मग झबलं काढलं आणि टाचा उंचावून वर धरलं. ते कुठंच पोचत नव्हतं. पारूबाई उतरायला लागल्या होत्या. कौशीनं शेळ्या वळायची आपली काठी माझ्यापुढं केली. "हिला बांध. तसं नाय पोचायचं." काठीला बांधल्यावरही ते बरंच खाली राहिलं. माणूस देताना म्हणायचं ते मी म्हटलं आणि आम्ही खाली आलो.

निघताना तिनं परांचीचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि सोबत ठेच्याचा डबा दिला. राहिलेले फोनवर धाडते म्हणाली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तुझं माणूस?"

"गेलं."

"कौशीचं?"

"तेच तिनं पहिलं घासलं म्हणे."

आई झबल्यावरून हात फिरवत राहिली. "पोराला दिलं का पण?"

"हरणामागचं दिलं. हात नाय पोचला."

"दिसलं ना? मग झालं." मग म्हणाली, "तिच्या पोरीचं नीट होऊ दे."

नीट झालं. रेणूला मुलगी झाली, चांगली वजनाची. तो कोपरा तेव्हा तसाच होता. कौशीला मी फोनवर म्हटलं, "बघ, तो असूनबी सगळं बरं झालं." ती म्हणाली, "आता नातीसाठी करायचं."

ती कापूस वेचायला जायची, मग गव्हाच्या काढणीला. थोडेथोडे पैसे मुलाच्या फोनवर यायचे. प्रत्येक वेळी मी तिला सांगायची, घाई नाही, पोरीला तूप घाल, सवडीनं दे. ज्या महिन्यात पैसे येत नसत, त्या महिन्यात मला चांगली झोप लागायची. पैसे बुडावेत असं मागणारी मी एकटीच असेन. पण कौशी लहानपणापासून शब्दाची पक्की. तेवढ्या एका गोष्टीत तरी तिनं मला फसवावं, असं मला फार वाटायचं.

काल संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि त्यानं फोन माझ्यापुढं धरला. कौशीनं उरलेले सगळे पाठवले होते. मी दोनदा बघितलं. पै न् पै फिटली.