इंजिनाचं तीर्थ

मीनाला जिची किळस येत नाही अशी वस्तू अख्ख्या मोरिवलीत शोधून सापडली नसती. पाणी देणाऱ्याचं बोट पेल्याच्या कडेला लागलं, तरी तिचं नाक आकसायचं. शेजारणी तिच्या माघारी तिला ‘शी-मीना’ म्हणायच्या. आणि नशिबानं तिला काम दिलं ते जीन्स वाहण्याचं. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे उचलायचे, धुलाईच्या कारखान्यात टाकायचे, तिथून धुतलेले ओलेकच्च गठ्ठे परत न्यायचे. नवऱ्याची, रघुची, कंबर गेली तेव्हा तिनं पिकअपचं स्टिअरिंग आधी फडक्यानं स्वच्छ पुसलं, मग हातात धरलं आणि पुन्हा कुणाला दिलं नाही. संध्याकाळी मोरीजवळ बसून ती नखांतली निळाई लिंबाच्या सालीनं घासायची. निळाई जायची नाही, सालच निळी व्हायची.

दसरा झाला आणि गाडी मिसिंग मारू लागली. चढ लागला की ओलं लाकूड घातलेल्या चुलीसारखं इंजिन धुमसायचं, आचके द्यायचं. गाडी उभी असली तरी सीट थरथरायची.

“वहिनी, गाडी तीन लाखांच्या वर पळालीय,” दीर जितेश दारातूनच म्हणाला. “इंजिन बसलं. माझ्या मेकॅनिकनं नुसत्या आवाजावरून सांगितलं. गाडी घेणारी बदलापूरची एक पार्टी बोलून ठेवलीय, संध्याकाळी येतेय. हां बोलून टाका.”

घरातली बाई टेम्पो हाकते, हे त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

“आणि केबिनमध्ये वास येतो त्याचं काय? दसऱ्यापासून बसवत नाही मला.”

“मिसिंग इंजिनात नाही वहिनी, तुमच्या नाकात आहे!”

आतून पडल्या पडल्या रघुही हसला. जितेशच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचाच तिला जास्त वीट आला. आज ‘हां’ म्हटलं की उद्यापासून याच दोघांच्या हसण्यात चोवीस तास बसायचं. तिनं चावी उचलली.

चंदूचं गॅरेज कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला होतं. ऑइल सांडून सांडून काळी पडलेली जमीन. मीना साडीचा काठ गोळा करून एका विटेवर उभी राहिली.

“ताई, एवढी घाण नाही ओ इथे,” चंदू हसला.

“तुला दिसत नाही, म्हणून नाही.”

त्यानं सीट उचलून इंजिन उघडं केलं आणि चालू ठेवलं. मग एकेका सिलिंडरवरच्या, ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचं कनेक्टर काढून आवाज ऐकू लागला. पहिलं काढलं, इंजिन आणखी लंगडलं. लावलं. दुसरं काढलं, तेच. तिसरं काढलं आणि काहीच झालं नाही. आचके होते तसेच.

“हाच झोपलाय. बाकीचे जिवंत आहेत, ताई. बसलं-बिसलं काही नाही.”

त्यानं इंजिन बंद केलं, कॉइल ओढून वर काढली. खालचं रबर जुनं होऊन तडकलं होतं आणि त्यातून थेंब गळत होते. निळे. चंदूनं टॉर्च मारली. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच त्या पाण्यात मरत होती.

तेवढ्यात वास वर आला. आंबट, ब्लीचचा, कुजक्या कपड्यांचा.

“शी!” मीना विटेवरून खाली उतरली, नाकाला पदर लावून वाकली आणि ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी त्या खड्ड्याकडे बघत राहिली. रोज गठ्ठे टाकायला जाताना ज्या गटारावरून ती श्वास कोंडून उडी मारायची, त्याच गटाराचं पाणी होतं ते.

दसऱ्याच्या सकाळी जितेश गाडी धुवायला घेऊन गेला होता. “फुकटात चकाचक करून आणली,” म्हणाला होता. कारखान्याच्या मागे, त्याच पाण्याचा पाइप सीट उचलून इंजिनावर सोडला असणार. वर कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. तिनंही हात जोडले होते. त्या जोडलेल्या हातांची आता तिला शिसारी आली.

चंदूनं सिरिंजनं पाणी ओढून घेतलं, हवा मारून खड्डा कोरडा केला, मग गंजलेला प्लग काढून नवा बसवला. कॉइलचं रबर बदललं. चावी फिरवली. इंजिन एका सुरात बोलू लागलं.

“सिरिंज फेकू नकोस,” मीना म्हणाली. “पाण्यासकट दे.”

“तुम्ही हात लावणार त्याला?”

“कागदात गुंडाळून दे.”

ती घरी पोचली तेव्हा अंगणात जितेश आणि बदलापूरचा माणूस उभे होते. तिनं इंजिन बंद केलं नाही.

“भाई, हिला मिसिंग कुठाय?” तो माणूस जितेशला म्हणाला. “घड्याळासारखी चालतेय.”

“नव्हती हो अशी, सकाळपर्यंत तर...”

“जितेशभाऊ, उजवा हात पुढे करा.”

सवयीनं त्यानं तळहाताचा खळगा करून पुढे धरला. मीनानं दोन चमचे निळं पाणी त्यात सोडलं.

“घ्या. दसऱ्याची पूजा तुम्ही केलीत, तीर्थ इंजिनात राहून गेलं होतं.”

वास नाकात गेला तसा त्यानं हात झटकला. “शी! शी, वहिनी!”

आतून रघु ओरडला, “काय झालं?” बदलापूरच्या माणसानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मोटरसायकलला किक मारली.

जितेश मोरीजवळ बसून साबणानं हात घासत होता. मीनानं वरून पाहिलं.

“लिंबाची साल आहे तिथे कोनाड्यात,” ती म्हणाली. “जात नाही. पण घासा.”