जवाब येईपर्यंत उभं

गुरुवार, दुपारचे पावणेतीन. फौजिया मुकादम माजघरातल्या खाटेवर आडवी होते. असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजीपर्यंत तिला एक शब्द द्यायचा आहे, हो किंवा नाही.

प्रश्न तिच्या नवऱ्याचा आहे. तन्वीर ज्या टगबोटीच्या इंजिनावर ऑइलमन होता, तो टग गेल्या मे महिन्यात एका परदेशी बंदराबाहेर उलटला. वर सात जण होते. चार मृतदेह मिळाले, तीन मिळाले नाहीत. तन्वीर त्या तिघांतला. कंपनीचा माणूस फोनवर दर वेळी "शोध चालू आहे" म्हणतो, आणि हल्ली तेवढं म्हणतानाही जांभई देतो. म्हणून घरच्यांनी ठरवलंय की उद्या जुम्याच्या नमाजीनंतर तन्वीरच्या नावानं गायबाना जनाजा पढायचा. मय्यत समोर नसताना पढतात ती ही नमाज. इमामसाहेबांची हरकत नाही. त्यांनी अट एकच घातली: "बायकोच्या तोंडून हो आल्याशिवाय मी भोंग्यावरून पुकारा करणार नाही."

हो म्हटलं की फौजिया विधवा. चार महिने दहा दिवस इद्दतीत बसायचं, आणि मग तन्वीर या घरात फक्त गेलेल्यांसाठी पढतात त्या फातिह्यापुरता.

"माझ्या पोराला एक नमाज पण मिळू द्यायची नाही का तुला?" सासूनं सकाळी दारातच विचारलं. "कसली गो बाय तू?"

फौजिया तशीच शाळेत गेली. ती खाडीकाठच्या मुलींच्या हायस्कुलात अरबी शिकवते, आणि नववीच्या पुस्तकात आज नेमका शर्तीच्या वाक्यांचा धडा होता. तिनं फळ्यावर तीन शब्द लिहिले. 'इन', म्हणजे जर. घडेल किंवा घडणार नाही, सांगता येत नाही. 'इझा', म्हणजे जेव्हा. घडणार हे धरून चाललोय. सूर्य उगवला की. भरती आली की. आणि 'लौ', म्हणजे असतं तर. गोष्ट हातची गेली, आता फक्त बोलायचं. एका मुलीनं विचारलं, "टीचर, 'इन'च्या पुढे भूतकाळ कसा? अजून घडलंच नाही ना?" फौजियानं सांगितलं, "आपण तरी काय म्हणतो? तो आला तर. आला कुठे अजून? तरी 'आला'च म्हणतो." मुली हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या, कारण गाव लहान आहे.

आता पंखा फिरतोय. फिरता फिरता त्याला घरघर लागते, इंजिनासारखी. खाट थोडी डावीकडे कलते, थोडी उजवीकडे. फौजियाला वाटतं, उठून पंखा बंद करावा.

"वर्गात झोपतेस?"

ती खाटेवर नाही, बाकावर आहे. समोर परकार उस्ताद. ज्यांनी तिला अरबी शिकवली, ते. चार वर्षांपूर्वी गेले. साखरेनं आधी पाय नेला, मग ते स्वतः. आता दोन्ही पायांवर उभे आहेत.

"उस्ताद, तुमचा पाय..."

"मिळाला. इथं उभं फार राहावं लागतं." ते छडी टेबलावर ठेवतात. "मुकादमांची सून झालीस म्हणून नियम विसरलीस? ऊठ."

नियम ती कशी विसरेल. शर्तीच्या वाक्याचे दोन तुकडे असतात. पहिला शर्त, दुसरा जवाब. उस्तादांच्या वर्गात एका मुलीनं उभं राहून शर्त बोलायची, आणि दुसऱ्या कुणीतरी जवाब द्यायचा. जवाब मिळाला की पहिली बसणार. नाही मिळाला तर नाही बसणार. उस्ताद कधी कधी वर्गाकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे. मग जवाब येत असलेल्या मुलीही तोंडात मूग धरून बसायच्या. आठवीत असताना फौजिया अशी उभी राहिली होती. मधली सुट्टी झाली, नंतरचा तास झाला, आणि शेवटी तिची सलवार ओली झाली. वर्ग हसला. उस्ताद म्हणाले होते, "बघा, शर्त पुरी झाली नाही, पण बाईंचं पुरं झालं."

ती उठते. जमिनीवर घोट्याएवढं पाणी आहे. फळ्याच्या जागी लोखंडी भिंत, तिच्यावर दाबाचे गोल काटे, सगळे शून्यावर. बाकांवर पुरुष बसलेत. चार. पहिल्या बाकावर अस्लम वांगडे, टगचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. तो शेजारच्या गावचा. त्याच्या मय्यतीला फौजिया गेली होती. चौघांचे केस ओले आहेत, आणि पाणी कानांवरून गळ्यात उतरतंय. ते पुसत नाहीत.

ती बाकीचे बाक बघते. तीन रिकामे. दोन कोरडे, वर धूळसुद्धा. तिसरा ओला आहे. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

"तिथं कोण बसतं, उस्ताद?"

"कुठं?"

"त्या ओल्या बाकावर."

उस्ताद वळून बघतात. चष्मा पुसतात, परत बघतात. "तो होय. तो पाणी प्यायला गेलाय."

अस्लम खुदकन हसतो. त्याच्या नाकातून पाणी येतं.

"नाव सांगा," फौजिया म्हणते. "तुम्ही हजेरी घेता ना? नाव सांगा."

"हजेरी घेणारा इथं दुसरा आहे. मी फक्त व्याकरण घेतो. बोल, शर्त."

"तीन माणसं आहेत, उस्ताद. तिघांतला कोण, एवढंच सांगा. मी परत काही विचारणार नाही."

"प्रश्न हा या धड्यात नाही. शर्त बोल."

ती बोलते. "इन रजअ तन्वीर." तन्वीर परत आला तर.

वर्ग गप्प. टपटप पाणी. ती अस्लमकडे बघते. त्याची बायको इद्दतीतून उठली, आता परत अंगणवाडीत जाते, गेल्या आठवड्यात बाजारात हसताना दिसली. फौजियाला त्या हसण्याचा राग आला होता, आणि नंतर हेवा.

"अस्लमभाय, तुम्ही सांगा. तो तुमच्याबरोबर होता. जवाब द्या ना."

अस्लम तोंड उघडतो. उस्ताद ओठांवर बोट ठेवतात. अस्लम तोंड मिटतो आणि शिक्षकाच्या मर्जीतल्या पोरासारखा ताठ बसतो.

ती उभी आहे. पाणी पिंढऱ्यांपर्यंत येतं. आता जेट्टी आहे, भरतीची वेळ, आणि तन्वीरला सोडायला आलेली ती एकटीच. बॅग आहे, तन्वीर नाही. जेट्टीच्या टोकाला उस्ताद टेबल मांडून पेपर तपासतायत.

"पाय दुखतात?" ते वर न बघता विचारतात.

"हो."

"नऊ महिने उभी आहेस. दुखणारच. तुझ्या शब्दात खोट आहे, बाय. 'इन'ला जवाब द्यायला कुणाला काय पडलंय? येईल म्हणणारा खोटा पडतो, नाही म्हणणारा वाईट होतो. तू दुसरा शब्द घे. बघ किती हात वर होतात."

"नको."

"सकाळी पोरींना शिकवलास की. अक्षर बरं होतं."

"नको, उस्ताद."

"मग राहा उभी. आठवीत राहिली होतीस तशी." ते पहिल्यांदा वर बघतात. "तेव्हा किती वेळ टिकलीस, आठवतं ना?"

बाक परत आलेत. चौघे तिच्याकडे बघत नाहीत, तिच्या पायांकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागतं, ते कोमट आहे, आणि ते बाहेरून आलंय की तिचंच आहे हे तिला कळत नाही. कुणीतरी मागं हसतं. मुलीचं हसणं.

"लौ," ती म्हणते.

चारही हात वर जातात.

"पुढं," उस्ताद म्हणतात. आवाज एकदम मऊ झालाय. आयुष्यभरात त्यांनी तिच्याशी असा आवाज काढला नव्हता.

"लौ रजअ..." आला असता तर.

नाव घ्यायच्या आधीच जवाब येतो. सगळे बाक एका सुरात बोलतात. चार पुरुष, आणि त्यांच्या आवाजात सासूचा आवाज, दीर मुश्ताकभायचा, कंपनीच्या माणसाचा, नववीच्या पोरींचा. आला असता तर कळवलं असतं. आला असता तर एव्हाना आला असता.

"शाब्बास," उस्ताद म्हणतात. "बस आता."

बसायला आता जागा एकच उरलीय. ती बघत नाही कुठली. बसल्याबरोबर इतकं बरं वाटतं की तिच्या तोंडून "अल्ला" निघतं. बाक गार आहे, ओला. गारवा सलवारीतून आत शिरतो. बसल्यावर तिच्या लक्षात येतं की अस्लमनं तोंड वळवून घेतलंय, आणि दारात कुणीतरी उभं आहे, पाणी पिऊन परत आलेलं, आणि त्याला आता बसायला जागा नाही.

ती मान वळवते.

पंखा. छत. असरची नमाजही होऊन गेल्याची शांतता.

फौजिया उठून बसते आणि तशीच थांबते. तिची सलवार मागून ओली आहे. खाटेवरची चादरही ओली आहे, बाकाच्या फळीएवढी, कडा सरळ. फेब्रुवारी आहे, छप्पर गळत नाही, खाटेजवळ तांब्या नाही. ती हात लावते. गार. आठवीतल्या त्या दिवसाची शरम तिच्या मानेपर्यंत चढते. हात नाकाशी न्यावा, जिभेला लावावा, आणि एकदा ठरवावं, खाडीचं की माझं. ती हात अर्ध्यावर धरून ठेवते.

दार वाजतं. मुश्ताकभाय, तन्वीरचा थोरला भाऊ. त्याच्यामागं सासू.

"फौजिया, झोपलेलीस काय? इमामसाहेब बाहेर थांबलेत. काय सांगू?"

ती खाटेपुढं उभी राहते, पाठ भिंतीकडे.

"मी जोर करत नाही," मुश्ताकभाय म्हणतो. "पण तूच बघ. तो आला असता तर..." वाक्य तो सोडून देतो. बाकीचं तिला माहीत आहे, असं त्याला वाटतं. तसं ते तिला माहीत आहेच.

"बस तरी," सासू म्हणते. सकाळची धार आता आवाजात नाही. "बसून बोल गो बाय. उभी का?"

फौजिया बसत नाही. ओला हात तिनं मुठीत धरलाय.

सूर्य बुडाल्यावर मगरिबची अजान झाली तेव्हा इमामसाहेब मशिदीत परत गेले होते. भोंग्यावरून अजानेखेरीज काही पुकारलं गेलं नाही. मुकादमांच्या माजघरात दिवा लागला होता, आणि सासू खाटेच्या कोरड्या टोकाला बसून होती. सून तिच्यासमोर उभी होती.